साडेतेरा टक्के ओलावा

विधानसभेच्या उमेदवारांचा कार्यक्रम संपला तेव्हा रात्रीचे पावणेनऊ झाले होते. मंगल कार्यालयाच्या फाटकाशी ती माझी वाट पाहत उभी होती. हातात दोनशे पानी वही, वहीत खोचलेला पेन, आणि आवाज पार बसलेला.

“मॅडम, मले वाटलं होतं का आज तरी काही समजन,” ती म्हणाली. “आता घरी जाऊन बाबाले काय सांगू?”

यवतमाळ-वाशीमच्या कापूस-सोयाबीन पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी राज्यशास्त्र शिकवते. निवडणुकीच्या दिवसांत मुलं निराश होतात हे दरवेळी पाहते. बहुतेक जण ‘सगळे सारखेच’ म्हणून मोकळे होतात आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या कामाला लागतात. या मुलीचं तसं नव्हतं. नेमकं कुठे बिनसलं त्यावर तिला बोट ठेवता येत होतं. म्हणून तिला विचारून, आणि तिचं, गावाचं, उमेदवारांचं कोणाचंच नाव न घेता, झालं ते सगळं लिहून ठेवते आहे.

घरातला हिशोब

ती बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. मार्च २०२४ मध्ये अठरा पूर्ण झाली. एप्रिलमध्ये लोकसभेचं मतदान झालं तेव्हा यादीत नाव नव्हतं. विधानसभेसाठी १ जुलै २०२४ ही अर्हता तारीख, म्हणजे अठरा वर्षं मोजायची तारीख, धरून याद्या दुरुस्त झाल्या, तेव्हा तिनं स्वतःच सहा नंबरचा फॉर्म भरला. मतदार कार्ड घरी आलं त्या दिवशी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिनं वर्गात आणलं होतं. फोटो काळपट आला म्हणून मैत्रिणी हसल्या, तर ती म्हणाली, “नाव तं बरोबर आहे ना.”

घरी पाच एकर कोरडवाहू. तीन एकरांत सोयाबीन आणि त्यात तुरीची तासं, दोन एकरांत पऱ्हाटी. सोयाबीन सोंगणीला आलं आणि ऑक्टोबरच्या पावसानं गाठलं. गंजीवर ताडपत्री, ताडपत्रीवर दगड, असे काही दिवस काढले. मग थ्रेशर मिळालं. अकरा क्विंटल माल झाला.

हमीभावानं विकायचा म्हणून बाबांनी नोंदणी करून ठेवली होती. मोबाइलवर मेसेज आला त्या दिवशी छोटा हत्ती भाड्यानं करून पोती घेऊन ते केंद्रावर गेले. कॉलेजला सुटी होती, म्हणून हीपण सोबत गेली. पुढचं तिनं मला इतक्या वेळा सांगितलं आहे की मी तिथे होते असंच वाटतं. ग्रेडरनं पोत्यात बंबी खुपसून मूठभर दाणे काढले, मॉइश्चर मीटरच्या वाटीत टाकले. आकडा आला साडेतेरा. अट बाराची. बाबांनी तेच दाणे तळहातावर घेतले, एक दाणा दाढेखाली धरून फोडला. कटकन वाजला. “हे वलं आहे काय, साहेब?” त्यांनी विचारलं. ग्रेडरचाही नाइलाज होता; बाराच्या वरचा माल त्यानं घेतला असता तर पुढे गोदामात तो त्याच्याच नावानं परत आला असता. वाळवून आणा, तो म्हणाला. कुठे वाळवणार? अंगण मातीचं, आभाळ भरलेलं, गावात सिमेंटचा ओटा नाही. डांबरी रस्त्यावर पसरावं तर ट्रॅक्टर नि मोटारसायकली.

दिवाळी आठवड्यावर आली होती, सोंगणीवाल्या बायांची मजुरी बाकी होती. दोन दिवसांनी तोच माल व्यापाऱ्याला ४,०५० रुपयांनी गेला. त्या हंगामाचा हमीभाव होता ४,८९२. क्विंटलमागे ८४२, अकरा क्विंटलचे ९,२६२. हा आकडा तिनं वहीच्या मागच्या पानावर लिहून त्याभोवती चौकोन काढला होता. गाडीचं जायचं-यायचं भाडं त्यात धरलेलं नाही.

एवढी शिदोरी घेऊन ती उमेदवारांना ऐकायला आली होती, हे आधी लक्षात घ्यायला हवं. ‘तरुणांना राजकारणात रस नाही’ असं सरसकट बोललं जातं ना, तेव्हा मला ते चौकोनातलं ९,२६२ आठवतं आणि राग येतो.

मंचावर

सगळे उमेदवार एका मंचावर येणार, हे आमच्या तालुक्यात पहिल्यांदाच होत होतं. स्थानिक पत्रकार आणि काही नागरिकांनी मिळून ११ नोव्हेंबरला कार्यक्रम ठरवला, मतदानाच्या नऊ दिवस आधी. पाच जणांना बोलावणं गेलं, चार आले, त्यातले एक अर्ध्यातून उठून पुढच्या गावच्या सभेला गेले. मी वर्गातल्या अकरा मुलामुलींना वह्या घेऊन यायला सांगितलं होतं. माझी मतदान केंद्रावर नेमणूक झालेली, त्यामुळे मी स्वतः काही विचारणार नव्हते. मागच्या रांगेत बसून ऐकायचं, एवढंच.

पुढच्या चार रांगा कार्यकर्त्यांनी भरल्या. गळ्यात दुपट्टे, आपला माणूस बोलला की टाळ्या, दुसरा बोलायला उठला की गलका. मतदार म्हणून आलेली माणसं मागे आणि बाजूला, बाया तर दारापाशी. दारात एक पुठ्ठ्याचा डबा ठेवला होता: आपला प्रश्न चिठ्ठीवर लिहून टाका. तिनं चिठ्ठी घरूनच लिहून आणली होती. त्यावर काय होतं ते जसंच्या तसं देते:

“केंद्रावर सोयाबीनचा ओलावा १२ टक्क्यांच्या वर असला की माल परत येतो. पाऊस झाला तर आमच्या गावात वाळवायची सोय नाही. ही अट कोण बदलतं? आमदार म्हणून तुम्ही त्यासाठी काय करू शकता आणि काय कराल?”

मी चौदा वर्षं शिकवते आहे. अठरा वर्षांच्या मुलीनं याहून चांगला प्रश्न लिहिलेला मला आठवत नाही. त्यात तक्रार आहे, त्याचं कारण आहे, अधिकार कोणाचा ही विचारणा आहे आणि शेवटी माणसाला बांधून घेणारा ‘काय कराल’ आहे.

नव्वद मिनिटांत सोयाबीनचा विषय निघाला नाही असं नाही. निघाला, आणि जोरात निघाला. त्या निवडणुकीत एका बाजूनं ६,००० रुपये भावाचं आश्वासन दिलं होतं, दुसऱ्या बाजूनं ७,०००. मंचावर तेच झालं. एकानं सहा म्हटलं की त्याच्या रांगा वाजल्या, दुसऱ्यानं सात म्हटलं की त्याच्या. तिसऱ्यानं सरसकट कर्जमाफी जाहीर केली. लाडक्या बहिणींच्या १,५०० रुपयांचंही असंच, एकीकडे २,१०० आणि दुसरीकडे ३,०००. सूत्रसंचालकांनी “वा, म्हणजे शेतकरी आणि बहिणी दोघंही खूश!” म्हणून पुढचा प्रश्न घेतला.

मागे बसून मला वाटत होतं, आता कोणीतरी विचारेल. बाजारात आज चार हजारांच्या आसपास भाव आहे, ४,८९२चा हमीभावसुद्धा पदरात पडत नाही, तर सहा किंवा सात हजार कोण देणार, कुठल्या खात्यातून आणि कोणत्या केंद्रावर? हमीभाव कृषी मूल्य आयोगाच्या शिफारशीवरून केंद्र सरकार ठरवतं. आमदाराच्या हातात तो नाही. त्यावर राज्य बोनस देऊ शकतं, भावफरक देऊ शकतं. केंद्रं किती उघडायची, बारदाना वेळेवर पोचतो की नाही, माल वाळवायची सोय काय, हे राज्याच्या अखत्यारीत येतं. बाजार समित्याही राज्याच्याच १९६३च्या कायद्याखाली चालतात. म्हणजे आमदारानं बोलावं असं खूप काही होतं. त्यातलं कोणी काही बोललं नाही, कारण कोणी विचारलं नाही.

मग ‘अनुशेष’ आला, म्हणजे विकासात विदर्भ मागे राहिला ती तूट. माझ्या एका विद्यार्थ्यानं मोजलं, हा शब्द तेवीस वेळा उच्चारला गेला. प्रत्येकानं तो दुसऱ्याच्या पाठीत घातला. हा अनुशेष मोजणारा १९८४चा दांडेकर समितीचा अहवाल, राज्यघटनेच्या कलम ३७१(२) खाली १९९४ मध्ये आलेलं विदर्भाचं विकास मंडळ, त्याची एप्रिल २०२० मध्ये संपलेली मुदत, हे एकानंही सांगितलं नाही. परत येताना एका मुलानं मला विचारलं, “मॅडम, अनुशेष म्हंजे नेमका कायचा?” सिंचनाचा, रस्त्यांचा, विजेच्या पंपांचा, असं मी त्याला रस्त्यात उभं राहून सांगत बसले. ज्या शब्दावर विदर्भातल्या दोन पिढ्यांचं राजकारण चाललं, तो तेवीस वेळा ऐकूनही पोराला कळू नये, याचं मला फार वाईट वाटलं.

मध्येच ‘एका शब्दात उत्तर द्या’ असा एक फेरा झाला. स्वतंत्र विदर्भ, हो की नाही? शेतकऱ्याचा शत्रू कोण? आवडता नेता? त्याला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. चिठ्ठ्यांचा डबा उघडला तेव्हा सहा-सात मिनिटं उरली होती. तीन चिठ्ठ्या निघाल्या. तिची नव्हती. डबा तसाच टेबलावर राहिला आणि राष्ट्रगीत झालं.

कुठे बिनसलं

त्या रात्री मी तिला एवढंच म्हटलं, की उद्या वही घेऊन ये. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी स्टाफरूमच्या बाहेर बाकावर बसलो. मला वाटलं होतं, उमेदवार भांडले, एकमेकांना वाट्टेल ते बोलले, याचा तिला त्रास झाला असेल. तसं नव्हतं. भांडण तिनं मनावर घेतलंच नव्हतं. ग्रामपंचायतीत याहून जास्त होतं, म्हणाली.

“एक गोष्ट सांगू का मॅडम? तो पयला उमेदवार सहा हजार म्हनाला. तवा मी मनातल्या मनात विचारलं, कोनत्या केंद्रावर? दुसरा सात म्हनाला, तवाही विचारलं. मले वाटलं माइक हातात असलेला मानूस विचारीनच. त्यानं विचारलंच नाही.”

माझ्या मते सगळं प्रकरण इथे आहे. उमेदवार बोलले ते निवडणुकीत उमेदवार बोलतात तसंच बोलले. त्या संध्याकाळी उणीव होती ती उत्तरावर विचारायच्या दुसऱ्या प्रश्नाची.

कार्यक्रम घेणाऱ्यांपैकी एकांना मी नंतर भेटले. चांगला माणूस, खिशातले पैसे घालून हे उभं केलेलं. ते म्हणाले, “ताई, दोन मोठ्या उमेदवारांची अटच होती, उलट प्रश्न नको. नाहीतर येत नाही म्हणाले. आले नसते तर मंच रिकामा राहिला असता.” त्यांची अडचण मला समजते. तरीही ती अट मान्य करायला नको होती असं मी त्यांच्या तोंडावर म्हटलं आणि इथेही म्हणते. उलट प्रश्न नसलेली चर्चा म्हणजे एका मांडवात लागलेल्या चार सभा. मतदाराला त्यासाठी मंगल कार्यालयात यायची गरज नाही, भोंगा लावलेली गाडी घरावरून जातेच.

आणि ही अट घालणारे कुठे जायला निघाले होते? विधानसभेत. तिथे तारांकित प्रश्न असतो. मंत्री त्याला तोंडी उत्तर देतो आणि सदस्याला लगेच उपप्रश्न विचारता येतो. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर येतं, त्यावर उपप्रश्न नाही. हा फरक मी दर वर्षी फळ्यावर लिहून शिकवते. उपप्रश्न हेच आमदाराचं रोजचं हत्यार आहे. मंत्र्याला गोत्यात आणायचं, आकडा काढून घ्यायचा, तारीख वदवून घ्यायची, ती त्यानंच. हे हत्यार चालवायची उमेद धरणाऱ्यांनी मतदाराच्या हातात मात्र ते येऊ दिलं नाही. आमच्या मुलांनी उमेदवारांना पारखायचं ते याच कसोटीवर, आणि तीच काढून घेतली गेली.

रचनेतल्या बाकीच्या चुका त्यामानानं सोप्या होत्या. पुढच्या रांगा मतदारांना राखून ठेवायच्या, चिठ्ठ्या आदल्या दिवशी गोळा करून वाचायच्या आणि सारख्या प्रश्नांचा एक करायचा. नव्वद मिनिटांत सतरा विषय घेण्यापेक्षा तीन घ्यायचे: माल विक्री, पाणी, मुलींची बस. उमेदवारांची शपथपत्रं टेबलावर ठेवायची. ती सगळ्यांना पाहायला खुली असतात, निवडणूक आयोगाच्या अॅपवरही मिळतात. आधी आमदार राहिलेल्या माणसानं वर्षाचा पाच कोटींचा स्थानिक विकास निधी कुठे खर्च केला, याची यादी मागायची.

माझी चूकही लिहायला हवी. मी मुलांना तिथे पाठवलं ते ‘ऐका आणि टिपून घ्या’ म्हणून. प्रश्न विचारायची संधी मिळेलच असं गृहीत धरलं, आयोजकांना आधी भेटून एक शब्द विचारला नाही. तिनं पंधरा दिवस मनात घोळवलेला प्रश्न एका पुठ्ठ्याच्या डब्याच्या भरवशावर सोडला तो माझ्या सांगण्यावरून.

चार दिवसांनी

१५ नोव्हेंबरला केंद्र सरकारच्या कृषी मंत्रालयाचा आदेश आला: त्या खरिपासाठी सोयाबीन खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्के. बारा ते पंधरामधल्या मालामुळे होणारा जादा खर्च किंवा तोटा राज्यानं सोसायचा.

तिनं बातमी मोबाइलवर वाचली आणि मला फोन केला. आधी काही बोललीच नाही. मग म्हणाली, “म्हंजे बदलता येत होतं मॅडम.”

साडेतेरा पंधराच्या आत बसतात. बाबांचा माल विकून तीन आठवडे झाले होते.

त्या फोननंतर मला तिची निराशा पुरती उमगली. चार दिवस आधी मंचावर तीन उमेदवार होते. राज्यावर बोजा घेऊन ही अट शिथिल व्हावी, अशी मागणी सोयाबीन पट्ट्यातून होतच होती. त्यातल्या एकानं जरी म्हटलं असतं, की ही अट केंद्र सरकारची आहे, ती अशी बदलते, आम्ही तसं पत्र दिलं आहे किंवा देणार आहोत, तरी त्या हॉलमधल्या ज्या घरांत पोती अजून भरलेली होती त्यांनी आठवडाभर माल धरून ठेवायचा विचार केला असता. तिचा प्रश्न तिच्या घरासाठी उशिराचा होता. शेजारच्यांसाठी नव्हता.

मतदानाच्या आधी तिच्या मनात ‘नोटा’ येऊन गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या निकालानं तो पर्याय मिळाला आहे, तो वापरणं हा तिचा हक्क आहे आणि नोटाची मतं कितीही झाली तरी विधानसभेला सर्वांत जास्त मतं मिळवणारा उमेदवारच निवडून येतो, एवढं मी तिला सांगितलं. त्यापुढे बोलले नाही. २० तारखेला तिनं गावच्या जिल्हा परिषद शाळेत मत दिलं. कोणाला दिलं ते मी विचारलं नाही.

निकाल २३ला लागला. डिसेंबरमध्ये वर्गात आम्ही तोच कार्यक्रम पुन्हा केला. चार मुलं उमेदवार झाली, ती सूत्रसंचालक. नियम एकच, प्रत्येक उत्तरावर एक उपप्रश्न. पहिल्या ‘उमेदवारानं’ सात हजार जाहीर केले तशी ती म्हणाली, “तालुक्यात किती क्विंटल सोयाबीन होतं ते सांगा, मग गुणाकार करू.” पोरगा गप्प झाला आणि पुढच्या तासाला तालुका कृषी कार्यालयातून पेरणीचे आकडे घेऊन आला. मला हवं होतं ते एवढंच होतं.

त्या वर्षी नागपूरचं हिवाळी अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर, सहा दिवसांचं झालं. त्याआधी तिनं आणि दोन मैत्रिणींनी निवडून आलेल्या आमदारांना एक पानाचं पत्र लिहिलं. मागणी एकच: तालुक्यात ओलाव्यामुळे किती शेतकऱ्यांचा माल परत गेला याचा आकडा सभागृहात विचारा, आणि गावोगावी वाळवणीचा सिमेंट ओटा कोणत्या निधीतून होऊ शकतो ते सांगा. संपर्क कार्यालयात पत्र देताना तिथला माणूस “ठेवून जा” म्हणाला. तिनं पोच मागितली. त्यानं शिक्का शोधून दुसऱ्या प्रतीवर मारला, आवक क्रमांक टाकला.

अधिवेशन संपलं. खरेदी केंद्रं बारदान्याअभावी मध्ये मध्ये बंद पडत राहिली, खरेदीची मुदत आधी ३१ जानेवारी आणि मग ६ फेब्रुवारी २०२५ पर्यंत वाढली. पत्राला उत्तर आलेलं नाही.

पोच तिनं डिंकानं त्याच वहीच्या मागच्या पानावर चिकटवली आहे, चौकोनातल्या ९,२६२च्या खाली. महिन्याच्या पहिल्या सोमवारी कॉलेज सुटलं की ती गावची गाडी लागेपर्यंतच्या वेळात त्या कार्यालयात जाते, वही उघडते, आवक क्रमांक वाचून दाखवते आणि विचारते.